गुडघ्यावरचे पांघरूण

घरातली एखादी वस्तू दुसऱ्यांदा दुरुस्तीला गेली की आपण म्हणतो, ‘या खेपेला पक्की होऊन येईल.’ आईच्या डाव्या गुडघ्याविषयी मी असाच निर्धास्त होतो. २००९ साली बसवलेला कृत्रिम सांधा गेल्या वर्षी सैल झाला. जुना काढायचा, नवा बसवायचा. त्यात काय एवढे?

डॉक्टरांनी मात्र क्ष-किरणाचे चित्र बाजूला ठेवले आणि गुडघ्यावरची कातडी ते दोन बोटांनी हलवून पाहू लागले. तेथे दोन उभे व्रण होते. म्हणाले, ‘प्रोफेसरसाहेब, सांधा नवा मिळतो, कातडी आहे तीच वापरावी लागते!’

मग त्यांनी समजावले. गुडघ्याच्या पुढे कातडीखाली मांसाचा थर जवळजवळ नसतोच. तिला रक्त मिळते ते बहुतांशी आतल्या बाजूने. म्हणून दोन व्रण असले तर शक्यतो बाहेरचाच पुन्हा उघडतात. जुन्या व्रणाला खेटून समांतर छेद घेतला, तर मधली पट्टी रक्तावाचून मरण्याचे भय. मधुमेह, तंबाखू, अपुरे पोषण यांनी हे भय वाढते. आईची साखर चढलेली होती. ‘महिनाभर थांबू,’ ते म्हणाले. मला दिवाळीची सुट्टी साधायची होती. साखर थोडी उतरताच घाई केली ती मीच.

दहाव्या दिवशी जखमेची कड काळी पडली. जखम उघडून आतला धातू उघडा पडला, की जंतू त्यावर चिकट थर करून बसतात आणि औषध त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही. प्लॅस्टिक सर्जन आले. पोटरीच्या मोठ्या स्नायूला दोन भाग असतात. त्यांतला आतला भाग खालून सोडवून, वरची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, गुडघ्यावर वळवायचा आणि वर मांडीची पातळ कातडी लावायची, असे ठरले.

संमतिपत्र माझ्यापुढे आले. वळवलेला स्नायू जगेलच असे नाही. जंतू राहिले तर सांधा काढावा लागेल. तेवढ्याने न भागले तर पाय कायमचा ताठ करावा लागेल. अगदी शेवटी मांडीतून कापावाही लागेल. वीस वर्षे मुलांना वाक्यांचे अर्थ उलगडून सांगणारा मी. पण ते शेवटचे वाक्य मला तीनदा वाचावे लागले.

आई म्हणाली, ‘अरे, कर सही. जुन्या लुगड्याला ठिगळ लावताना कापड सोसेल का, ते मीसुद्धा आधी बघत असे. आपण बघितले नाही, एवढेच.’ ‘आपण’ म्हणाली. ‘तू’ म्हणाली नाही.

स्नायू जगला. आई आता काठी घेऊन चालते. गुडघा मात्र पहिल्यासारखा वाकत नाही.

तुमच्या घरी कुणाचा गुडघा दुसऱ्यांदा उघडायचा असेल, तर सांध्याच्या किमतीआधी कातडीची चौकशी करा. जुने व्रण दाखवा, तंबाखू लपवू नका, साखर उतरू द्या. प्लॅस्टिक सर्जनला आधीच दाखवावे काय, हेही विचारा. जखम पाझरू लागली तर उद्यावर ढकलू नका.

यंदा रांगोळी मी काढणार आहे आणि आई स्टुलावर बसून माझे ठिपके मोजणार आहे. मी घाई केली की ओरडेल. ओरडू दे!