हिरड्यातील हिस्सा

रोगजंतूंना ठार मारण्याऐवजी निःशस्त्र करण्याचा मार्ग विज्ञान आज शोधीत आहे. आपली संख्या पुरेशी जमल्याचा रासायनिक इशारा मिळाल्यावरच अनेक जंतू विष सोडतात. तो इशाराच दाबला, तर जंतू जगतो, पण बाधत नाही. आणि औषधाला न जुमानणारी जात पोसली जाण्याचा धोकाही घटेल, अशी अपेक्षा आहे. हिरड्यातील एलॅजिक आम्लाच्या संयुगांनी ‘स्यूडोमोनास’ जंतूची मारकशक्ती क्षीण होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अर्थात प्रयोगशाळेत, रुग्णांवर नव्हे.

हा हिरडा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतही वाढतो. पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यात रानातला माल वेचणाऱ्याला दाम मिळतो तो वजनाचा. गुणाचे मोल दुसरेच वसूल करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर वनवासी समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. २०२३ च्या जैवविविधता कायद्यातील दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. आणि हिरडा तर चरकसंहितेतच आहे! पोथीत शिरलेल्या वनस्पतीवर वेचणाऱ्याचा वाटा उरत नाही, हा कुठला न्याय? ग्रामसभांनी लोकजैवविविधता नोंदवहीत आपले स्थानिक उपयोग नोंदवावेत आणि ही सूट रद्द करण्याचे ठराव करावेत. कार्यकर्त्यांनी त्या बैठकांना बसले पाहिजे.