दुभाषा नातू

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. परदेशातल्या आपल्या मुलांना राग आला तर येऊ दे.

तैवानमध्ये शिन्चू नावाचं शहर आहे. १९८० साली तिथे सायन्स पार्क सुरू झालं आणि आता चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे आपलेही बरेच इंजिनियर तिथे असतात. माझी लेक आणि जावई त्यातलेच. कचेरीत इंग्रजी, घरात मराठी, आणि दुकानातली पाटी मोबाईल वाचून दाखवतो. मग चिनी शिकायची कशाला? "आपण काय इथे कायमचे राहणार आहोत का, बाबा?" हे मी आठ वर्षं ऐकतो आहे.

पण घरातलं एक माणूस ती भाषा शिकलेलं असतं, शाळेत जाणारं पोर. मग सगळं त्याच्यावर. शाळेच्या बाई त्याच्याविषयी आईशी बोलतात तेव्हा भाषांतर तोच करतो. (स्वतःविरुद्धची तक्रार कोणतं पोर पुरती सांगेल? चाळीस वर्षं मास्तरकी केली आहे, मला विचारा.) इथवर हसण्यावारी नेता येतं. पण एकदा घरमालकीणबाई आल्या. करार संपत आला होता, पुढे घर द्यायचं की नाही याचा त्या विचार करत होत्या. हे नऊ वर्षांच्या मुलाने आधी ऐकलं, मग आईला सांगितलं. रात्री माझ्याजवळ येऊन विचारतो, "आजोबा, आपण कुठे राहायचं?" मोठ्यांची काळजी त्याच्या कानावर मोठ्यांच्याही आधी आली होती. हे मला मुळीच पटत नाही.

चिनी अवघड आहे, हे मान्य. हजारो अक्षरं, ती राहू देत. बोलण्यापुरती मात्र आपल्याला ती इंग्रजांपेक्षा सोपी जावी. तैवानची मुलं पहिलीत आधी ३७ चिन्हांची उच्चारमाला शिकतात. नातवाच्या पुस्तकात ती पाहून मी थक्कच झालो. ओठांचे उच्चार एकत्र, दातांचे एकत्र, अगदी आपल्या वर्णमालेसारखे वर्ग! प-फ, त-थ, क-ख या जोड्या तिथे आहेतच. सकाळी भेटल्यावर म्हणतात त्या 'चाओ'तला च हा आपल्या 'चमचा'तला. तो आपल्याला कोणी शिकवायला नको. राहता राहिले चार सूर. 'माय' एका सुरात म्हटलं तर विकत घेणं, दुसऱ्या सुरात म्हटलं तर विकणं! पण विकत घेणं आणि विकणं आपण तरी एकाच धातूवर चालवतोच की.

आणि शिकायला क्लासच हवा असं नाही. तिथे कचऱ्याची गाडी बेथोव्हेनची धून वाजवत येते. गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन खाली उतरतात, उष्टं-खरकटं वेगळ्या डब्यात टाकतात आणि गाडी येईपर्यंत गप्पा मारतात. आपल्याकडे देवळाच्या पारावर चालतात तशाच. आमचे जावई तिथे कानात गाणी लावून उभे राहायचे.

मुंबईत वीस वर्षं राहून मराठी येत नाही म्हणून आपण लोकांवर चिडतो. माझ्या मते रास्तच चिडतो. मग शिन्चूच्या त्या घरमालकीणबाईंनी आपल्याबद्दल काय म्हणावं? त्या बिचाऱ्या काही म्हणत नाहीत, उलट दर खेपेला नातवासाठी फळं आणतात. कामाचे तास लांब असतात, थकवा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी आठ वर्षांत रोजची दहा मिनिटं निघाली असती.

असो. हल्ली फोनवर मी लेकीला पगार-पाणी विचारत नाही. आज कचरा घेऊन खाली कोण गेलं होतं आणि कोणाशी काय बोलणं झालं, एवढंच विचारतो. परवा जावई गेले होते म्हणे, शेजारच्या आजीबाईंशी पावसाबद्दल चार शब्द बोलून आले. त्यातले दोन आजीबाईंनी दुरुस्त केले.