आधी साचा तपासा

जुन्नर तालुक्यातल्या वारूळवाडी-नारायणगावहून वडज, येडगाव आणि माणिकडोह ही धरणे जवळ. पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे जरा लांब. कुकडी प्रकल्पाच्या या पाच जलाशयांच्या काठी ज्याला मरळ हवी असते, तो गळाला कणकेचा गोळा लावून बसत नाही. मरळ शिकारी आहे. हवा घ्यायला ती पाण्याच्या वर येते, बेडकावर आणि लहान माशावर झडप घालते. तिला फसवायचे तर हलणारे काहीतरी दाखवावे लागते, आणि त्यासाठी मऊ प्लास्टिकच्या आमिषाइतकी सोयीची वस्तू नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन येथे निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ मध्ये असा प्लास्टिकचा गांडूळ तयार केला. हा उद्योग मुळात घरगुती प्रयोगातून निघालेला आहे, त्यामुळे आज कोणी घरीच साचा करून बेडूक किंवा शेपटीवाला मासा ओतू पाहत असेल तर तो काही जगावेगळे करत नाही. अडचण पुढे येते. नगाला खड्डे पडतात, शेपटी अर्धीच भरते, कडेला पापुद्रा येतो, आणि ओतणारा प्लास्टिकला दोष देऊ लागतो. तो बाटली बदलतो, आच वाढवतो, मऊपणा आणणारे तेल कमी-जास्त करतो. माझे म्हणणे असे की झडती आधी साच्याची घ्यावी, प्लास्टिकची मागाहून.

याला आधार आहे. एकाच साच्यातून निघालेले चार-सहा नग ओळीने मांडून पाहावेत. खड्डा प्रत्येक नगात त्याच जागी असेल तर तो साच्याने पाडलेला आहे, कारण वितळलेल्या प्लास्टिकला डावी-उजवी बाजू कळत नाही. जागा साच्यातच ठरलेली असते. दोष दर नगात वेगळ्या ठिकाणी फिरत असेल, तर मात्र संशय आचेवर, ढवळण्यावर किंवा मालावर न्यावा. इतकी साधी पारख न करता दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या की पुढचा नग चांगला आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही, आणि आठवड्याने तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सर्वांत जास्त घोळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात होतो, आणि त्याचे कारण पाणी. हिशेब मांडून पाहा. १०० ग्रॅम प्लास्टर घट्ट होण्यासाठी रासायनिकदृष्ट्या जेमतेम १८ ते १९ ग्रॅम पाणी लागते. पण तेवढ्याच पाण्यात कालवले तर ते ओतताच येणार नाही, म्हणून आपण ६० ते ७० ग्रॅम घालतो. म्हणजे घातलेल्यातले सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पाणी घट्ट झालेल्या साच्याच्या बारीक छिद्रांत मोकळेच राहते आणि ते हवेत उडून जाण्याची वाट पाहावी लागते. हाताला साचा अर्ध्या तासात टणक लागतो, त्यालाच लोक वाळला म्हणतात. प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि मऊ करणारे तेल यांचे मिश्रण, साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला ओततात. अशा धगीचा द्रव ओल्या भिंतीला टेकला की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते, वाफेला बाहेर जायला वाट नसते आणि ती प्लास्टिकमध्ये घुसते. नगाच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात ती हीच. ढवळताना शिरलेल्या हवेचे बुडबुडे नगाच्या पोटात कुठेही विखुरलेले असतात, वाफेची छिद्रे साच्याला टेकलेल्या कातडीवर असतात. रंग पारदर्शक असेल तर हा फरक उघड्या डोळ्यांनी कळतो.

धातू ओतणाऱ्या ओतारी समाजाच्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ते मातीचा साचा भाजून कोरडा केल्याशिवाय त्यात पितळ ओतत नाहीत, कारण ओल्या साच्यात पडलेला वितळलेला धातू उसळून अंगावर येतो. प्लास्टिकची धग त्याहून खूप कमी, म्हणून शिक्षा सौम्य. आपण ती शिक्षा समजतच नाही आणि तिला मालाचा दोष म्हणतो. भाजण्याचा मार्ग मात्र प्लास्टरला चालत नाही. घट्ट झालेल्या प्लास्टरच्या घडणीतच पाणी बांधलेले असते. जास्त तापवले की तेही सुटू लागते आणि साचा भुसभुशीत होऊन कडा झडतात. ५० अंशांच्या आसपासची सौम्य ऊब आणि वारा, एवढेच द्यावे. वाळला की नाही हे हाताने ठरवू नये. साचा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज तोलावा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरले नाही की तो वाळला. त्यानंतर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात, किंवा अधिक टिकाऊ हवे असेल तर इपॉक्सीचा लेप. हा क्रम उलटला तर नुकसान दुप्पट. ओल्या साच्यावर लेप दिला की पाणी आत कोंडते आणि पहिल्याच ओतीला लेप फोडासारखा फुगतो. नाणेघाटाकडे आणि भीमाशंकराकडे पावसाळ्यात जो दमटपणा असतो, त्यात प्लास्टर महिनाभरही पुरते वाळत नाही. तिकडच्या माणसाने जुलैत केलेल्या साच्यावर ऑगस्टमध्ये विश्वास ठेवू नये.

शेपटी अर्धवट भरण्याचा दोष वेगळ्या कारणाने येतो. मरळीला भुलवणारी शेपटी पातळ असते, बेडकाचे पाय त्याहून बारीक. द्रव वरून आत येतो तेव्हा आधीची हवा टोकाकडे ढकलली जाते आणि तिथेच अडकते. आच वाढवून हवा निघत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ कोरली तरी पुरते. तिच्यातून हवा जाते, घट्ट द्रव फारसा जात नाही. अॅल्युमिनियमच्या साच्यात आणखी एक भानगड असते. तो धातू उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतो की थंड साच्यात पहिली ओत शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच गोठते. पहिले दोन-तीन नग पुन्हा वितळवायचेच आहेत असे धरून ओतावेत, साचा कोमट झाला की तीच शेपटी विनातक्रार भरते. सिलिकॉनच्या साच्याचा स्वभाव उलट, तो उष्णता धरून ठेवतो. तिथे घाईने नग ओढून काढला तर शेपटी ताणली जाऊन वाकडीच राहते. सिलिकॉन करतानाच एक सावधगिरी हवी. प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन गंधकाच्या सान्निध्यात घट्ट होतच नाही, आणि मूळ नमुना घडवायच्या मॉडेलिंग क्लेच्या बऱ्याच प्रकारांत गंधक असते. साच्याची आतली बाजू दिवसभराने चिकट राहिली तर सिलिकॉन खराब निघाले असे लगेच म्हणू नये. नमुना कशाचा होता ते आठवावे.

ज्या एका दोषाला जवळजवळ सगळे मालाचा दोष समजतात, तो म्हणजे जाड भागावरचा खोलगट दबका. प्लास्टिसॉल थंड होताना आकसते. ओतण्याचे तोंड अरुंद असेल तर ते आधी गोठते, आणि बेडकाचे पोट आतून अजून पातळच असते. पोट आकसू लागले की त्याला वरून नवा द्रव मिळत नाही, मग ते स्वतःचीच भिंत आत ओढते. इलाज तोंड रुंद आणि खोल करणे; ते पोटाच्या मागाहून गोठले पाहिजे, म्हणजे तोवर तिथल्या साठ्यातून पोटाला माल मिळत राहतो. वरून पुन्हा थोडे ओतत राहावे, गार पाण्यात बुडवायची घाई करू नये. हा इलाज केला की त्याच बाटलीतले तेच प्लास्टिक दबका न पाडता निघते. माझ्या दाव्याला याहून चांगला पुरावा मला दिसत नाही: माल तोच, आच तीच, बदलले फक्त साच्याचे तोंड. साच्याच्या दोन पाळ्यांच्या, म्हणजे अर्ध्या भागांच्या, जोडावर येणाऱ्या पापुद्र्याचेही तसेच. पाळी वाकलेली असते किंवा मध्ये खडा अडकलेला असतो. आणि सिलिकॉनचा साचा पापुद्र्याच्या रागाने करकचून आवळला तर बेडूक चपटा होतो. दोन्ही बाजूंना सपाट फळ्या देऊन बेताने आवळावे.

यावर आक्षेप येईल की मालाचे दोष काय खोटेच असतात? नसतात. बाटली न हलवता वरचा भाग ओतला तर भुकटी तळाशीच राहते आणि नग चिकट, लिबलिबीत होतो. नीट तापले नाही तर तो दुधाळ दिसतो आणि पनीरसारखा तुटतो. फार तापले, पारा २०० अंशांकडे सरकला, की रंग पिवळा पडतो आणि घशाला झोंबणारा धूर निघतो. त्यात हायड्रोजन क्लोराइड असते, म्हणून हे काम बंद स्वयंपाकघरात करू नये आणि ज्या भांड्यात माल तापवायचा ते पुन्हा अन्नाला वापरू नये. पण हे सगळे दोष पूर्ण नगाला व्यापतात, एका जागी ठिय्या देऊन बसत नाहीत. शंका उरलीच तर तोच माल दुसऱ्या साच्यात ओतावा. दोष सोबत आला तर माल, मागे राहिला तर साचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मरळ काही भिंगातून पाहत नाही, तिला बुडबुड्याशी काय देणेघेणे? दिसण्यापुरते हे खरे. पण पोकळी एका अंगाला असली की आमिष पाण्यात कलते, सरळ पोहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गळ ज्या नाकाडातून घालतात तिथे पोकळी असेल, तर पहिल्याच झटक्यात ते फाटते आणि पीव्हीसीचा तुकडा जलाशयाच्या तळाशी जातो. तो तिथे कुजत नाही. डिंभ्याच्या पाण्यावर विस्थापित आदिवासींनी सहकारी संस्था काढून मासेमारीचा हक्क मिळवला, त्यांचे घर त्या पाण्यावर चालते. काठावर हौसेने उभ्या राहणाऱ्याने आधी त्यांची परवानगी घ्यावी, आणि आपल्या साच्यातला दोष त्यांच्या पाण्यात फेकू नये. फसलेला नग तर फेकायचीही गरज नाही. तो कापून पुन्हा वितळवता येतो. प्रत्येक तापवणीत रंग थोडा पिवळा पडतो, म्हणून ताजा माल मिसळावा आणि त्याचे गडद रंगाचे नग ओतावेत.

मग कोणी म्हणेल, एवढा वेळ साच्यावर घालवायला आहे कोणाकडे? वेळ लागतो तो वाळण्याला, आणि तो आपला नाही, उन्हाचा. जुन्नर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत ते भरपूर असते. तेव्हाच प्लास्टरचे साचे ओतून, सावलीतल्या गरम वाऱ्यावर ठेवून, काट्यावर वजन स्थिर झाल्यावर लेप देऊन बाजूला ठेवावेत.