गेटच्या आतला इन्साफ

सोसायटीला उंच भिंत आणि गेटवर वॉचमन असण्यात गैर काही नाही. मुलाबाळांची सुरक्षितता कोणाला नको असते? परंतु भिंतीच्या आतले लोक स्वतःलाच पोलीस आणि स्वतःलाच काजी समजू लागले, म्हणजे काय होते, ते १२ जुलै २०१७ रोजी दिल्लीजवळच्या नोएडात दिसले.

तेथील सेक्टर ७८ मध्ये ‘महागुन मॉडर्न’ हे २,०००हून अधिक फ्लॅटांचे संकुल आहे. जवळच्या झोपड्यांतून बायका तेथे धुणीभांडी करायला जात. त्यांतल्या बऱ्याच जणी पश्चिम बंगालच्या कूचबिहारकडच्या, बंगाली बोलणाऱ्या मुसलमान. त्यांपैकी एक बाई आदल्या रात्री कामावरून परतलीच नाही. तिने पैसे चोरले, असे मालकांचे म्हणणे. आपल्याला मारले आणि कोंडून ठेवले, असे तिचे म्हणणे. मालकांनी ते नाकारले. सकाळी वस्तीतले लोक गेटवर जमले, दगडफेक झाली, काचा फुटल्या. ती बाई त्याच संकुलात सापडली.

दगड उचलणे हाही गुन्हाच आहे. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. दंगलीच्या आरोपाखाली १३ जणांना अटक झाली, ते सगळे वस्तीतले. वस्तीतल्या बायकांना संकुलात कामबंदी झाली. अनेक रहिवाशांनी त्यांना सरसकट ‘बांगलादेशी’ ठरवले. बाहेरच्या टपऱ्या प्राधिकरणाने पाडल्या. स्थानिक खासदार आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री महेश शर्मा रहिवाशांना भेटले आणि आरोपींना वर्षानुवर्षे जामीन मिळू देणार नाही, असे सांगून गेले. चौकशी पुरी होण्याआधीच गरिबाचा निकाल लागला होता.

‘बांगलादेशी’ हा शब्द आपल्याला टोचतो आणि टोचायलाच हवा. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. आज मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा येथे आपल्याही सोसायट्या आहेत. घरात अंगठी सापडेना झाली की पहिली नजर कोणाकडे जाते? पाहुण्यांकडे नाही, घरच्या मुलांकडे नाही, कामवाल्या बाईकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो फिरतो आणि संध्याकाळपर्यंत तिची चार घरांची कामे जातात. आठ दिवसांनी अंगठी गादीखाली मिळाली, तर ती कामे तिला कोण परत देणार?

सूरह निसाच्या १०५व्या आयतीपासूनचा भाग या ठिकाणी आठवावा. मुफस्सिर सांगतात, मदिनेत एका अन्सारी घराण्यातल्या माणसाने जिरह, म्हणजे चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर ढकलला. घराण्याचे लोक आपल्या माणसाची बाजू घेऊन आदरणीय प्रेषितांपुढे (स.) बोलू लागले. तेव्हा अल्लाहने वही पाठवून त्या यहुद्याला निर्दोष ठरवले. आपला-परका हा भेद इन्साफात चालत नाही, मग फ्लॅटवाला आणि झोपडीवाला हा भेद कसा चालेल? सूरह हुजुरातमध्ये तर वाईट संशय घेण्याची आणि दुसऱ्याची टेहळणी करण्याचीच मनाई आहे.

म्हणून घरात काही हरवले तर आधी घर नीट शोधावे. बाईला विचारायचेच असेल तर चारचौघांत नको, शांतपणे विचारावे. तरी शंका राहिली तर पोलिसांत तक्रार द्यावी. तिला अडकवून ठेवणे, मोबाइल काढून घेणे, अंगझडती घेणे, फोटो फिरवणे याचा हक्क आपल्याला नाही. एखाद्याला कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. आणि आरोपाच्या नावाखाली तिचा राहिलेला पगार तर मुळीच अडवू नये. तिने चोरी केली की नाही हे ठरायचे असते. तिने महिनाभर राबून काम केले, हे ठरलेले असते.

आमच्या वर्गात फ्लॅटमधला मुलगा आणि त्याच फ्लॅटमध्ये भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा एका बाकावर बसतात. दोघांपैकी एकाच्याच आईची पिशवी रोज गेटवर तपासली जाते, हे दोघांनाही ठाऊक असते. इन्साफाचा धडा आम्ही फळ्यावर कितीही लिहिला, तरी मुले तो घरीच शिकतात. अल्लाह आपल्या सर्वांना इन्साफाने वागण्याची तौफीक देवो. आमीन.