लॅगरचे यीस्ट कोणाच्या मालकीचे?

जगात सर्वाधिक खपणारी बिअर म्हणजे लॅगर. ती आंबविणारे यीस्ट संकरित आहे. त्याचे एक मूळ वाण पाव आणि एल बिअर बनविणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे. दुसरे मात्र दीर्घकाळ अज्ञातच होते. २०११ साली ते अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या जंगलात, दक्षिणी बीच वृक्षांवर बुरशीमुळे येणाऱ्या गोड गाठींमध्ये सापडले. त्याला 'सॅकरोमायसिस युबायानस' असे नाव देण्यात आले. लॅगरचे यीस्ट थंडीतही काम करते, ही याच वन्य वाणाची देणगी.

परंतु शोध तेथे संपला नाही. २०१४ मध्ये तिबेटमधील वाण लॅगरशी अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. लॅगरची जन्मभूमी असलेल्या युरोपात मात्र ते २०२२ पर्यंत नोंदले गेले नव्हते; त्या वर्षी डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातील मातीत ते आढळल्याचे जाहीर झाले.

विज्ञानाचा हा शोध सुरू असतानाच बाजार पुढे सरकला. हायनेकेनने अर्जेंटिनाच्या 'कोनिसेट' या सरकारी संशोधन संस्थेशी परवाना करार केला आणि २०१६ मध्ये पॅटागोनियातील यीस्टपासून बनविलेली 'एच ४१' ही बिअर बाजारात आणली. येथे इतिहासाचे स्मरण उचित ठरेल. १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी लॅगरचे शुद्ध यीस्ट वेगळे केले, तेव्हा कंपनीने ते इतर उत्पादकांनाही खुले केले होते.

१९९२ च्या जैवविविधता कराराने जैवसंपदेवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मान्य केला. २०१० च्या नागोया मसुद्याने लाभवाटपाची चौकट आखली. पण एकच सूक्ष्मजीव तीन खंडांत आढळत असेल, तर लाभ कोणाला द्यायचा? हळदीच्या पेटंटविरुद्धची लढाई भारताने १९९७ मध्ये जिंकली, ती लिखित पारंपरिक ज्ञानाच्या पुराव्यावर. ताडी, मोहाची फुले किंवा आंबवलेले पीठ यांतील सूक्ष्मजीवांच्या बाजूने साक्ष देणारे असे जुने ग्रंथ नाहीत. २००२ चा जैवविविधता कायदा आपल्याकडे आहे. मात्र नोंदच नसलेल्या संपदेचे रक्षण कायदा तरी कसे करणार? दावा सांगण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे, हे मोजणे अगत्याचे आहे.