फळ्यावर प्रमाण लिहू नका

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग घेते. सामान दोनच, कॉर्नफ्लोअर आणि नळाचं थंड पाणी. पहिल्या वर्षी फळ्यावर लिहून दिलं होतं : दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी. दहा मिनिटांत सगळ्या गटांचं जमलं. पोरांनी बुक्क्या मारल्या, हात धुतले, वहीत निष्कर्ष उतरवला. एकानेही काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी प्रमाण लिहिलंच नाही, आणि वर्गाची मोरी झाली. एका गटाने घरून मक्याचं पीठ आणलं, भाकरीचं, पिवळं. त्याचा नुसता चिखल झाला. ‘दोन्ही मक्याचंच ना?’ यावर भांडण जुंपलं. पिठात अख्खा दाणा दळलेला असतो, कॉर्नफ्लोअरमध्ये त्यातलं फक्त स्टार्च, हे त्या भांडणातूनच निघालं. दुसऱ्या गटाचं दूध झालं, तिसऱ्याचं खडूसारखं फुटायला लागलं. मग चमचाभर पाणी, चमचाभर पीठ, पुन्हा पाणी, असं करत एका परातीत ते एकदाचं जमलं.

हळूच बोट बुडवावं तर साईत जावं तसं आत जातं. तेच बोट झटक्यात ओढलं तर सगळा गोळा धरून ठेवतो. हातात घेऊन वळत राहिलं तर लाडू, हात थांबला की बोटांच्या फटींतून ओघळ. वरून बुक्की मारली तर एक थेंब उडत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, हे घन की द्रव?’’

आपण मुलांना खण पाडून देतो : घन, द्रव, वायू. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त द्रवाच्या अंतर्गत घर्षणाचा जो साधा हिशोब मांडला, तो पाणी आणि तेल निमूट पाळतात. मध कितीही घट्ट असला तरी हळू ढवळा की जोरात, त्याचा घट्टपणा जवळपास तेवढाच. कॉर्नफ्लोअरचं मिश्रण मात्र हात कसा लागतो ते पाहून वागतं. केचपचं याच्या उलट, बाटली हलवली की ते पातळ होतं.

असं का होतं, याचं उत्तर एसटीने येणाऱ्या एका मुलाने दिलं. ‘‘दारात सगळे एकदम घुसले की कुणीच आत जात नाही, मॅडम. एकेक चढला की गाडी भरते.’’ स्टार्चचे दाणे थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. हळू ढकलले तर बाजूला सरकतात, दणका बसला की मधलं पाणी निसटून एकमेकांत अडकतात. २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा मिश्रणावर धातूचा दांडा आपटून पाहिला, तेव्हा दांड्याखाली दाण्यांचा टणक गठ्ठा तयार होऊन वाढत जाताना दिसला. एसटीचं दारच ते!

हे सगळं मी फळ्यावर लिहून देऊ शकले असते, तेही तास संपायच्या आत. विज्ञान प्रदर्शनात दुकानातून आणलेला ज्वालामुखी मांडून बक्षीस मिळतं, तसंच ते झालं असतं. उत्तर आधी कळलेला प्रयोग म्हणजे पाठांतर, फक्त हात ओले करून केलेलं. वेळ नाही, अभ्यासक्रम उरलाय, ही अडचण खोटी नाही. पण मग वर्षाला दहा प्रयोग उरकण्याऐवजी दोनच घ्या आणि ते बिघडू द्या.

एका पालकांनी मात्र वहीत चिठ्ठी पाठवली : ‘अन्नाची नासाडी कशासाठी?’ बरोबर होतं त्यांचं. ‘दूध’ झालेलं पातेलं रात्रभर तसंच राहिलं होतं. सकाळी वर नितळ पाणी, खाली चमचाही रुतेना असा थर. मोरीत ओतलं असतं तर मोरी तुंबली असती. ‘‘तापवून बघू या का?’’ त्याच शेवटच्या बाकावरून आवाज आला. ढवळून शेगडीवर ठेवलं. साधारण ६५-७० अंशांपुढे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. पातेल्यात चकचकीत खळ तयार झाली. मुलांनी तिने रद्दीच्या पिशव्या चिकटवल्या. उरलेली मी डब्यात भरून घरी नेली. पुढचा आठवडाभर माझ्या सुती साड्या जरा जास्तच कडक होत्या.