कचेरी आली, सही कुठं राहिली?



मुंबईत गर्दी झालीय, मंत्रालयात जागा पुरत नाही, तर काही खाती आणि त्यांची माणसं बाहेरच्या शहरांत धाडा, म्हणजे सरकार लोकांच्या जवळ जाईल, असं बोलणं दर काही वर्षांनी उठतं. निवडणूक जवळ आली की जास्तच उठतं. आपल्या पाड्यांवरही काहीजण आम्हाला विचारतात, "हे चांगलंच नाही का? साहेब इकडं आला तर आपली पायपीट वाचंल." प्रश्न रास्त आहे. एका कागदासाठी ज्यानं तीन दिवसांची मजुरी बुडवली त्याला असं वाटणारच. पण साहेब हलवून झालेला आहे, एकदा नाही, बऱ्याच वेळा. तेव्हा काय झालं ते आधी आठवून बघू.

आपल्या नावानं चालणारं खातं म्हणजे आदिवासी विकास. त्याचं आयुक्तालय मुंबईत नाही, नाशकात आहे. संशोधन संस्था पुण्याला. जंगल खात्याचा सगळ्यात मोठा साहेब नागपूरच्या वनभवनात बसतो. म्हणजे आपल्याशी ज्यांचा रोजचा संबंध, ती खाती राजधानीच्या बाहेर कधीचीच बसलेली आहेत. मग मार्च २०१८ ला काय झालं? हजारो माणसं नाशकात जमली, त्यात निम्म्याहून जास्त आपलीच, वनजमिनीच्या दाव्यांसाठी आलेली. आयुक्तालय त्याच नाशकात. पण माणसं तिथं थांबली नाहीत. ६ तारखेला निघून, १२ तारखेला, सुमारे १८० किलोमीटर चालून, पायाच्या कातडीची सालटं निघालेली घेऊन मुंबईत पोचली. का? नाशकातला साहेब वाईट होता म्हणून नाही. त्याच्या हातात द्यायला काही नव्हतं म्हणून. खालच्या कमित्या वरून शब्द आल्याशिवाय हलत नव्हत्या, आणि शब्द मुंबईत होता. तिथं लेखी मिळालं, सहा महिन्यांत दावे निकाली काढू. २०१९ ला पुन्हा मोर्चा काढायला लागला. २०२३ ला पुन्हा.

आता आपल्याच घरातलं. ठाणं जिल्हा एवढा मोठा झाला होता की २०११ च्या जनगणनेत देशात त्याच्याएवढे लोक दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हते. मोखाड्याच्या माणसाला ठाण्याच्या कचेरीत जायचं म्हणजे परदेश. म्हणून जिल्हा तोडा ही मागणी आपलीही होती, ती नाकारत नाही. आपण म्हणत होतो, ठिकाण जव्हारला करा. डोंगरातलं गाव, आदिवासी तालुक्यांच्या मधोमध, एके काळी संस्थानची राजधानी. वावर-वांगणीत १९९२-९३ ला पोरं भुकेनं मेली, त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी बसवले होतेच. म्हणजे अगदी नवं काही मागत नव्हतो. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला आणि ठिकाण झालं पालघर.

पालघर का, याची कारणं तेव्हा बरीच सांगितली. पाणी, जागा, रस्ते. आम्हाला दिसलं ते एकच, रेल्वे. मुंबईची लोकल एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत आली, आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याचं ठिकाण त्याच रुळावर बसलं. सकाळच्या गाडीनं विरार-वसईकडून कर्मचारी उतरतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. त्याचं बिऱ्हाड तिकडंच, पोरांची शाळा तिकडंच. कागदावर तो राजधानीकडून जिल्ह्यात आला. खरं तर त्याची फक्त खुर्ची आली.

आणि आपला माणूस? मोखाड्याच्या आतल्या पाड्यावरून पालघर शंभर किलोमीटरच्या घरात. अंधारात उठून चालत रस्त्याला यायचं, एसटी मिळाली तर जव्हार, तिथून दुसरी गाडी. कचेरीच्या पायरीवर पोचेस्तोवर जेवणाची सुट्टी झालेली असते. सुट्टी संपली की साहेब मीटिंगला. चार वाजले की टेबलावरची माणसं घड्याळ बघाय लागतात, कारण गाडी चुकली तर पुढची उशिरा. आमच्या एका पाड्यातला म्हातारा, नाव लिहीत नाही, आपल्या दाव्याचं काय झालं हे विचारायला जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत पाच वेळा गेला. पाचव्यांदा त्याला सांगितलं, तुमची फाईल तालुक्याला पाठवली आहे. तालुक्याला गेला तर म्हणाले, वर पाठवली आहे. तो आम्हाला म्हणाला, "माझ्यापेक्षा फाईलच जास्त हिंडते, आणि तिला तिकीटबी पडत नाही." हसून म्हणाला, पण पाच वेळच्या भाड्यापायी त्यानं कोंबड्या विकल्या होत्या.

नव्या इमारती बघा. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याचं मुख्यालय २०२१ ला उभं राहिलं. चकचकीत आहे, लांबून एखाद्या बंगल्यागत दिसतं. ते बांधायला सिडकोला सरकारी जमीन दिली, चारशे चाळीस हेक्टर. त्यातली थोडी कचेऱ्यांना, बाकीची नवं शहर वसवून विकायला. हिशेब करा. वनहक्क कायद्यात एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर मिळू शकतात, तेही कसत असलेलेच, तेही १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा दिला तर. आपल्याकडं मंजूर होतं किती? कुणाला पंधरा गुंठे, कुणाला वीस. आणि सरकारला 'लोकांच्या जवळ' यायला चारशे चाळीस. ही जमीन दुग्ध खात्याची होती, आपल्या कुणाची नव्हती, हे आम्हाला माहीत आहे. खोटं बोलायचं नाही. पण सरकारला जमीन लागली की ती किती लवकर सापडते, एवढं तरी बघून ठेवा.

कायद्यात दाव्याची शेवटची सही जिल्ह्यातच होती. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम. २०२० च्या मे महिन्यात राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून कायद्यात बदल केला, आणि जिल्हा समितीनं दावा फेटाळला तर विभागीय समितीकडं अपील करायची सोय झाली. बरं झालं. फेटाळलेल्यांना दार उघडलं, आम्ही तसं मागतच होतो. पण विभागीय आयुक्त बसतात कुठं? कोकण भवन, बेलापूर. म्हणजे पालघर आलं म्हणून ठाणं सुटलं, आणि अपिलासाठी ठाण्याच्याही पलीकडं जायची पाळी आली.

विदर्भातल्या आपल्या भावांना हे आपल्याआधी कळलंय. त्यांच्याकडं तर दर हिवाळ्यात अख्खं सरकारच मुंबईहून येतं. १९५३ च्या नागपूर करारात तसं ठरलं होतं. मंत्री, सचिव, कारकून, फायलींचे गठ्ठे, सगळं नागपूरला. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव आपली मागणी घेऊन तिथं गेले होते. सरकार हाकेच्या अंतरावर होतं. दिवस सरला तरी भेटायला कुणी बाहेर आलं नाही, पोलिसांनी रेटलं, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, बाया आणि लेकरं जास्त. त्यांना आदिवासी म्हणावं की नाही यावर आपल्यात मतं वेगळी आहेत, ती राहू द्या. पण सरकार किती किलोमीटरवर आहे यानं काही होत नाही, हे शिकायला आपल्याला ११४ मढी बघाय लागली.

आता उलटी गोष्ट सांगतो. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). १५ ऑगस्टच्या भाषणातलं नाही, खरं घडलेलं. गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास जंगल. तरी बांबू विकू देईनात, कारण वाहतुकीचा पास जंगल खातं देणार. बांबू तुमचा, पण गाडीत भरून बाहेर न्यायचा तर परवाना साहेबाचा. गाव अडून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्या दिवशी मुंबईतला एकही कर्मचारी कुठं बदलून गेला नाही. एकही इमारत बांधली नाही. एक पुस्तक या हातातून त्या हातात गेलं, आणि त्यानंतर गाव आपला बांबू आपण विकू लागलं.

आम्हाला हवं आहे ते हे. माणसं हलवू नका, पुस्तक हलवा.

कर्मचाऱ्यांशी आमचं वैर नाही. कुणाची बायको एका गावी नोकरीला, कुणाची आई आजारी, त्याला उचलून जव्हारला टाकलं तर त्याचं मन लागणार नाही, आपलंही लागलं नसतं. वाईट हे की सरकारच आपल्या भागातली बदली शिक्षा म्हणून वापरतं. ज्याला तिकडं कुणी ठेवून घेत नाही, तो आपल्याकडं येतो आणि यायच्या दिवसापासून परतीच्या बदलीची खटपट करतो. आदिवासी भागात काम केलं तर एक पायरी वरचा पगार मिळतो, २००२ पासून. घ्या बापडे. पण मग मुख्यालयी राहा. राहत नाही, पगार मात्र राहिल्याचा. गावच्या शिक्षकाला मुख्यालयी राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि आपणही भीड पडून तो देतो. 'मास्तर आपलाच आहे, जाऊ द्या.' ही चूक आपली.

आणि खरंच माणसं हवीत, तर मुंबईहून आणायची गरजच काय? ९ जून २०१४ ला राज्यपालांची अधिसूचना निघाली: पेसा क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, कृषी सहायक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरा. आपली शिकलेली पोरं-पोरी त्याच्या भरवशावर बसली. मग प्रकरण कोर्टात गेलं, भरती अडकली, पोरांना उपोषणं करायला लागली. आपल्या बोलीत बोलणारी, पाड्याचा रस्ता माहीत असलेली, रात्री इथंच झोपणारी माणसं दारात उभी आहेत आणि सरकार विचारतंय, राजधानीतून कुणाला पाठवू.

पुढारी म्हणतील, तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता. आम्ही नाही म्हणत नाही. या, खुशाल या. पण येताना काय घेऊन येता ते आधी सांगा. मोजणीचा अधिकार आहे का? पट्ट्यावर सही करायचा आहे का? चुकलेला सातबारा दुरुस्त करायचा आहे का? का नुसता अर्ज घेऊन पोच द्यायचा शिक्का आहे? नुसता शिक्काच असेल तर तो मुंबईतच ठेवा. तिथं निदान मोर्चा नेता येतो.

कायदा काय म्हणतो ते परत एकदा वाचून दाखवा, विशेषतः नव्या पोरांना. दाव्याची सुरुवात ग्रामसभा करते. पडताळणी गावची वनहक्क समिती करते. समितीनं नोटीस दिली की जंगल आणि महसूल खात्याच्या माणसानं जागेवर हजर राहायचं आणि तारीख घालून सही करायची, असं २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलंय. नुसता उपग्रहाचा फोटो दाखवून दावा फेटाळता येत नाही. गावच्या म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यायला लागतं. म्हणजे पहिली कचेरी आपला पाडाच आहे, आणि या कचेरीत साहेबानं यायचं आहे, आपण जायचं नाही. आपण मात्र उलटंच करतो, टेप घेऊन कुणी येईल म्हणून वाट बघतो आणि नंतर तालुक्याला चकरा मारतो.

दिवाळी झाली की आपली माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात. सुनावणीच्या नोटिसा नेमक्या तेव्हा येतात आणि बंद दाराला चिकटवून जातात. म्हणून माणसं भट्टीवर जायच्या आत प्रत्येक पाड्यानं ग्रामसभा घ्यावी आणि ठराव करावा: आमच्या दाव्यांची सुनावणी पाड्यावर घ्या, आणि माणसं परत आल्यावर घ्या. ठरावाच्या तीन प्रती करा. एक प्रांताला, एक प्रकल्प अधिकाऱ्याला, एक आपल्याकडं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ज्या पाड्यावर लिहिणारं कुणी नसेल त्यांनी बाजारच्या दिवशी संघटनेच्या खोलीवर यावं, कागद आणि कार्बन आम्ही देऊ. दाव्यांची यादी बरोबर आणा: नाव, कसलेली जमीन किती, अर्ज कधी दिला, फाईल शेवटची कुठं दिसली.